लिपिवाचनातील प्रमाण : ब-रेखालिपीचा पाठ

एखाद्या अज्ञात लिपीचे वाचन झाले असे नेमके केव्हा म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. प्रत्येक चिन्हाला एकेक ध्वनी बहाल केला आणि त्यातून कोणत्या तरी भाषेतील दहावीस शब्द निघाले, एवढ्याने वाचन सिद्ध होत असते, तर सिंधू लिपी आजवर अनेकदा वाचली गेली, आणि तीही दर वेळी निराळ्या भाषेत, असे मान्य करावे लागेल. अशा दाव्यांचे मूल्यमापन करताना आपल्याकडील अभ्यासक पुष्कळदा दावा करणाऱ्याच्या विद्वत्तेकडे पाहतात. दाव्याच्या प्रमाणाकडे क्वचितच पाहतात. म्हणून ज्या लिपीचे वाचन निःसंशय सिद्ध झाले आहे अशी एक लिपी घेऊन, ते कोणत्या पुराव्याने सिद्ध झाले हे तपासणे उपयुक्त ठरावे. क्रीट बेट आणि ग्रीसची मुख्यभूमी येथे सापडलेली ब-रेखालिपी, म्हणजे ‘लिनिअर बी’ या नावाने सर्वत्र ओळखली जाणारी लिपी, या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. तिच्या वाचकांच्या हाती द्वैभाषिक लेख नव्हता. शांपोल्योंला १८२२ साली रोझेटा शिलेचा आधार होता. खरोष्ठीच्या वाचकांना इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांवरील ग्रीक अक्षरांचा होता. येथे लिपी अज्ञात होती आणि भाषाही अज्ञात होती.

आर्थर इव्हान्स यांनी क्नोसॉस येथे मार्च १९०० मध्ये उत्खननास प्रारंभ केला आणि थोड्याच दिवसांत मातीच्या पट्टिका मिळू लागल्या. या पट्टिका मुद्दाम भाजलेल्या नव्हत्या. ज्या आगीत राजवाडा नष्ट झाला त्याच आगीने त्या भाजून निघाल्या, आणि म्हणूनच टिकल्या. इव्हान्स यांनी क्रीटमधील लेखनाचे तीन वर्ग केले : एक चित्रलिपी, आणि अ व ब या दोन रेखालिपी. ब-लिपीत सुमारे ९० अक्षरचिन्हे आहेत. त्यांखेरीज रथ, घोडा, मेंढी, भांडे, पुरुष, स्त्री अशा वस्तूंची चित्रचिन्हे आणि दशमान अंक आहेत. वर्णमालेला ९० चिन्हे फार होतात, आणि शब्दचिन्हांच्या लिपीला फार थोडी. तेव्हा ही अक्षरलिपी असावी, एका चिन्हाने एक व्यंजनयुक्त स्वर दर्शविणारी असावी, हे अनुमान कोणासही करता येण्याजोगे होते. पट्टिका हिशेबाच्या आहेत हेही अंकांवरून स्पष्ट होते.

एवढे कळूनही पन्नास वर्षे काहीच का घडले नाही? याचे एक कारण लौकिक आहे. इव्हान्स यांना क्नोसॉसला तीन हजारांहून अधिक पट्टिका आणि त्यांचे तुकडे मिळाले. परंतु १९४१ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांतील अल्प भागच प्रसिद्ध झाला होता. उरलेले साहित्य जॉन मायर्स यांनी संपादून १९५२ साली बाहेर आणले. ज्याने शोधले त्यानेच वाचावे, हा हट्ट आपल्याकडील दप्तरांच्या बाबतीतही अपरिचित नाही. दुसरे कारण मात्र वैचारिक आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. मिनोअन संस्कृती ग्रीकांहून निराळी व श्रेष्ठ होती, आणि मुख्यभूमीवरील मायसिनी संस्कृती ही तिची अंकित होती, असे इव्हान्स यांचे ठाम मत होते. त्यामुळे पट्टिकांची भाषा ग्रीक असण्याची शक्यता त्यांच्या विचारकक्षेतच येत नव्हती. या मताला वेस आणि ब्लेगन यांचा विरोध होता, पण त्यांचा पक्ष दुर्बळ मानला जाई.

या पूर्वग्रहाचे एक उदाहरण नोंदविण्यासारखे आहे. सायप्रस बेटावर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात ग्रीक भाषा एका अक्षरलिपीत लिहिली जात असे. जॉर्ज स्मिथ यांनी इडालियन येथील फिनिशियन व सायप्रियट अशा द्वैभाषिक लेखाच्या साहाय्याने १८७१-७२ च्या सुमारास तिच्या वाचनाचा पाया घातला होता. या लिपीतील मोजकी चिन्हे ब-लिपीतील चिन्हांशी जुळतात. क्नोसॉसच्या एका पट्टिकेवर घोड्यांची चित्रचिन्हे आहेत. त्यांतील काही घोड्यांना आयाळ नाही, म्हणजे ती शिंगरे असावीत. त्यांच्या आधी दोन अक्षरे आहेत. सायप्रियट मूल्ये लावली तर ती ‘पो-लो’ अशी वाचली जातात, आणि ग्रीक भाषेत शिंगराला ‘पोलोस’ म्हणतात. इव्हान्स यांना हे दिसले. त्यांनी ते छापलेही. आणि हा योगायोग होय असे म्हणून सोडून दिले. आज आपण जाणतो की तो शब्द ‘पोलोस’च होता. परंतु येथे इव्हान्स यांना केवळ दोष देऊन चालणार नाही. दोन चिन्हांच्या साम्यावर भाषा ठरविणे हे पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने चुकीचेच ठरले असते. शिवाय विरुद्ध बाजूचा पुरावाही होता : ग्रीक शब्द पुष्कळदा सकारान्त असतात, सायप्रियट लिपीत हा अंत्य सकार ‘से’ या चिन्हाने लिहितात, आणि ब-लिपीत शब्दांच्या अखेरीस तसे चिन्ह जवळजवळ येतच नाही. मग भाषा ग्रीक कशी? निष्कर्ष बरोबर असूनही प्रमाण अपुरे असू शकते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

ज्या कार्यामुळे प्रमाण उभे राहू शकले ते ॲलिस कोबर या अमेरिकन विदुषीचे होय. ब्रुकलिन महाविद्यालयात अध्यापन करीत असता त्यांनी आपला फावला वेळ या लिपीला दिला. युद्धकाळात कागद दुर्मिळ झाला तेव्हा शुभेच्छापत्रे, परिपत्रके असे हाती येईल त्या कागदाचे तुकडे करून त्यांनी टाचणे तयार केली. त्यांची संख्या सुमारे १,८०,००० होती आणि ती सिगारेटच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवलेली असत. त्यांचा आग्रह एवढाच होता की कोणत्याही चिन्हाला ध्वनी देण्यापूर्वी चिन्हांचे परस्परसंबंध सिद्ध करावेत. १९४५ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झालेल्या तीन निबंधांत त्यांनी दाखवून दिले की ही भाषा विकारक्षम आहे, म्हणजे तिच्यातील शब्दांची रूपे अंती बदलतात. ‘एकूण’ या अर्थाच्या शब्दाची दोन रूपे आहेत; पुरुष व काही प्राणी यांच्या बेरजेस एक, स्त्रिया व अन्य प्राणी यांच्या बेरजेस दुसरे. अर्थात भाषेत लिंगभेद आहे.

त्यांची पद्धती मराठी उदाहरणाने चांगली समजते. समजा, आपल्या लिपीत डा, डी, डे आणि गा, गी, गे यांना परस्परांशी काहीही साम्य नसलेली सहा चिन्हे असती. नागरीत ‘ड’ डोळ्यांना दिसतो आणि स्वर त्याला चिकटलेला दिसतो. येथे तसे काही दिसत नाही. मग घोडा, घोडी, घोडे हे शब्द १-२, १-३, १-४ असे दिसतील आणि मुलगा, मुलगी, मुलगे हे ५-६-७, ५-६-८, ५-६-९ असे. मराठीचे एक अक्षरही न जाणणारा अभ्यासक एवढ्यावरून सांगू शकेल की २, ३, ४ या चिन्हांत व्यंजन समान असावे. ७, ८, ९ यांतही असावे. आणि २ व ७ एकाच प्रकारच्या रूपात येतात, म्हणून त्यांत स्वर समान असावा. व्यंजनांच्या आडव्या ओळी आणि स्वरांचे उभे स्तंभ असा एक कोठा त्यातून तयार होतो. त्यात एकही उच्चार नसतो; नाते मात्र असते. कोबर यांनी १९४८ मध्ये अशा कोठ्यात दहा चिन्हे बसविली. दहा ही संख्या लहान वाटेल, पण ती निश्चित होती, आणि त्यापूर्वीच्या पन्नास वर्षांत या लिपीबद्दल निश्चित असे फारच थोडे सांगितले गेले होते. १९५० च्या मे महिन्यात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्या निवर्तल्या. लिपिवाचनाच्या लोकप्रिय कथांत त्यांना दुय्यम स्थान मिळत आले आहे. माझ्या मते हे अन्यायाचे आहे.

मायकेल व्हेंट्रिस हे व्यवसायाने वास्तुशिल्पी. चौदाव्या वर्षी, १९३६ साली, लंडनच्या एका प्रदर्शनात त्यांनी वृद्ध इव्हान्स यांना ऐकले आणि तेव्हापासून या लिपीने त्यांना पछाडले. अठराव्या वर्षी त्यांनी लिहिलेल्या निबंधात ही भाषा एट्रुस्कनशी संबद्ध असावी असे प्रतिपादन होते, आणि १९५२ च्या वसंतापर्यंत त्यांचा कल त्याच बाजूला होता. १९५० च्या आरंभी त्यांनी बारा विद्वानांकडे एक प्रश्नावली पाठविली. दहांची उत्तरे आली. कोबर यांनी हा वेळेचा अपव्यय आहे असे कळविले. प्रश्नावलीपेक्षा महत्त्वाची ठरली ती दुसरी घटना. ब्लेगन यांनी १९३९ साली मुख्यभूमीवर पायलॉस येथे खोदण्यास सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी पट्टिका हाती आल्या. त्या हंगामात सुमारे सहाशे मिळाल्या. युद्धामुळे रखडलेले त्यांचे प्रकाशन एमेट बेनेट यांनी १९५१ साली केले, आणि एकाच चिन्हाची निरनिराळ्या लेखनिकांच्या हातची वळणे कोणती व खरोखर भिन्न चिन्हे कोणती, हे काळजीपूर्वक ठरविले. मोडी कागद वाचणाऱ्यांना या कामाचे मोल सांगावयास नको.

व्हेंट्रिस यांनी कोठा वाढवीत नेला. १९५१-५२ या काळात त्यांनी वीस टिपणे सहकाऱ्यांकडे पाठविली. निर्णायक पाऊल पुढीलप्रमाणे पडले. शब्दारंभी वारंवार येणारे एक चिन्ह शुद्ध स्वर असले पाहिजे, कारण अक्षरलिपीत सुटा स्वर मुख्यतः शब्दाच्या आरंभी येतो. त्याला त्यांनी ‘अ’ मानले. सायप्रियट लिपीशी जुळणारी दोन चिन्हे ‘ना’ आणि ‘ति’ अशी घेतली. ‘ना’मुळे कोठ्यातील एक ओळ नकाराची ठरली, ‘ति’मुळे एक स्तंभ इकाराचा ठरला, आणि जेथे ही ओळ व हा स्तंभ छेदतात तेथील चिन्ह आपोआप ‘नि’ झाले. आता कोबर यांच्या शब्दत्रयींकडे वळावे. हे शब्द क्नोसॉसलाच आढळतात, पायलॉसला नाहीत. तेव्हा ती क्रीटमधील गावांची नावे असू शकतील. एक शब्द अ-?-नि-? असा होता. क्नोसॉसचे बंदर अम्निसॉस होमरला ठाऊक आहे; तर हा अ-मि-नि-सो असावा. त्यावरून ‘सो’ मिळाला, आणि ‘सो’ ज्या ओकारान्त स्तंभात आहे त्यातील नकार ‘नो’ झाला. दुसरा शब्द ?-नो-सो : को-नो-सो, म्हणजे साक्षात् क्नोसॉस. त्यामागून तु-लि-सो, पा-इ-तो, लु-कि-तो ही नावे आली. प्रत्येक मूल्य इतर मूल्यांना बांधलेले होते. एक चुकले असते तर एक शब्द बिघडला नसता, सर्व कोठा बिघडला असता.

येथे व्याकरणाच्या अभ्यासकांसाठी एक टीप. कोबर यांनी या रूपांना विभक्तीची रूपे मानले होते. प्रत्यक्षात ती ‘क्नोसॉसचा’, ‘क्नोसॉसची’ अशी तद्धितान्त विशेषणे ठरली. विभक्ती नसून तद्धित होते, तरी युक्तिवाद ढळला नाही, कारण अन्त्य व्यंजन कायम राहून स्वर पालटणे हे दोहोंतही सारखेच.

१ जून १९५२ च्या विसाव्या टिपणात व्हेंट्रिस यांनी पट्टिकांची भाषा ग्रीक असेल काय असा प्रश्न विचारला, आणि हे केवळ गमतीखातर केलेले विषयान्तर आहे अशी पुस्तीही जोडली. पुढच्या महिनाभरात मात्र ग्रीक शब्द हटता हटेनात. १ जुलै रोजी बी.बी.सी.च्या भाषणात त्यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला. ते भाषण ऐकून केंब्रिजचे तरुण भाषाशास्त्रज्ञ जॉन चॅडविक त्यांना येऊन मिळाले, आणि दोघांचा निबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आक्षेप लगेच आले, आणि ते सर्वच क्षुद्र नव्हते. व्हेंट्रिस यांचे लेखननियम फार सैल होते. ल आणि र यांना एकच चिन्ह. क, ख, ग यांना एकच. शब्दान्तीचे स् व न् लिहावयाचे नाहीत. जोडाक्षर आले तर मध्ये एक पोकळ स्वर घालावयाचा. अंत्य सकाराची जुनी अडचण अशा रीतीने सुटली हे खरे; पण इतकी सूट घेतल्यावर कोणत्याही अक्षरावलीतून कोणताही शब्द काढता येईल, असा प्रतिपक्षाचा दावा होता, आणि एडिंबरोचे प्राध्यापक बीटी यांनी तो १९५६ साली विस्ताराने मांडला. लेखन सैल असणे अशक्य नाही हे आपण जाणतो. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिले जात नाहीत, तरी हिशेबनीसाचे अडत नसे. ज्याला मजकुराचा संदर्भ ठाऊक आहे तो अपुऱ्या लेखनातूनही पुरता अर्थ काढतो. तमिळ लिपी क व ग यांना एकच चिन्ह वापरते. परंतु ‘अशक्य नाही’ हे प्रमाण नव्हे. प्रमाण बाहेरून यावयास हवे होते.

ते ब्लेगन यांच्याकडून आले. १९५२ च्या उत्खननात निघालेली एक पट्टिका स्वच्छ केल्यावर त्यांनी तिच्यावर व्हेंट्रिस यांची मूल्ये लावून पाहिली आणि मे १९५३ मध्ये तसे त्यांना पत्राने कळविले. वाचनसूत्र तयार झाले तेव्हा ही पट्टिका व्हेंट्रिस यांनी पाहिलेली नव्हती. तिच्यावर तीन पायांच्या भांड्यांची चित्रे आहेत आणि शेजारी अक्षरे आहेत : ति-रि-पो-दे. पुढे लहानमोठ्या पात्रांची चित्रे. चार कानांच्या पात्राजवळ क्वे-तो-रो-वे, म्हणजे ‘चार कानांचे’. तीन कान काढलेल्या पात्रांजवळ ति-रि-ओ-वे-ए. आणि ज्याला कानच नाहीत त्याच्याजवळ अ-नो-वे, ‘बिनकानी’. भांड्याच्या कडीला मराठीप्रमाणे ग्रीकमध्येही कान म्हणत. संस्कृत त्रिपाद्, चतुर् आणि नञर्थी अन् यांची येथे आठवण व्हावी.

या पट्टिकेचा उल्लेख करणारे बहुतेक लेखक चित्र आणि शब्द यांच्या मेळावर थांबतात. माझ्या मते तिच्यातील अधिक निर्णायक पुरावा व्याकरणाचा आहे. जेथे अंक २ आहे तेथे ति-रि-पो-दे असे रूप येते आणि जेथे अंक १ आहे तेथे ति-रि-पो. ‘मोठे’ या अर्थाचे मे-झो-ए हे विशेषण ‘दि-पा-ए’ या दोन पात्रांबरोबर द्विवचनी प्रत्यय घेऊन येते. द्विवचन! शब्द योगायोगाने जुळू शकतो. शब्दाचे वचन शेजारच्या अंकाशी आणि विशेषणाचे वचन विशेष्याशी जुळणे हा योगायोग नव्हे. त्याच ओळींत एक ठिकाणी लेखनिकाने एकवचनी पात्रापुढे द्विवचनी विशेषण लिहून ठेवले आहे. अशी चूक खऱ्या कारकुनाकडूनच व्हावयाची.

तौलनिक भाषाशास्त्राच्या दृष्टीने याहूनही मोठा पुरावा क्व-वर्गाचा आहे. संस्कृत ‘च’, लॅटिन ‘क्वे’ आणि ग्रीक ‘ते’ हे ‘आणि’ या अर्थाचे अव्यय मुळात एकच असून त्याचे आद्य व्यंजन ओष्ठ्य-कण्ठ्य होते, हे एकोणिसाव्या शतकापासून केवळ तुलनेच्या बळावर मानले जात होते. अभिजात ग्रीकमध्ये हे व्यंजन कोठेच उरलेले नाही. त्याचे कोठे त, कोठे प, कोठे क झाले. ब-लिपीत या व्यंजनासाठी स्वतंत्र चिन्हे निघाली, आणि ती नेमकी जेथे अपेक्षित होती तेथेच निघाली : ‘च’ च्या जागी शब्दान्तीचा क्वे, ‘चतुर्’च्या जागी क्वे-तो-रो, ‘अश्व’शी सजातीय शब्दात इ-क्वो, गुराख्याच्या नावात ‘गो’च्या जागी क्वो-उ. व्हेंट्रिस यांना हे सिद्धान्तात बसवावयाचे होते असेही म्हणता येत नाही. हे अव्यय शब्दाला मागून जोडले जाते व त्याचा अर्थ ‘आणि’ असावा, हे तर ध्वनिमूल्ये ठरण्यापूर्वीच ओळखले गेले होते.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला या पट्टिकांत पदोपदी ओळखीचे चेहरे भेटतात. झ्यूस देवाला अर्पण करावयाचे ते दि-वे, म्हणजे अक्षरशः दिवे, ‘द्यु’ची चतुर्थी. देवीला पो-ति-नि-जा, हीच आपली पत्नी, स्वामिनी या मूळ अर्थाने. नव्याला ने-वो. तृतीयेच्या अर्थी येणारा -पि हा प्रत्यय भिस्‌चा आप्त. पायलॉसच्या एका पट्टिकेत प्रांतातील अधिकारी भाल्यांच्या टोकांसाठी ब्राँझ देतील अशी नोंद आहे. तेथील क्रियापद दो-सो-सि म्हणजे दास्यन्ति. दुसऱ्या एका पट्टिकेत धान्याची देणगी वे-ते-इ-वे-ते-इ द्यावयाची आहे : वर्षोवर्षी. ही द्विरुक्ती ‘दिवेदिवे’च्या वळणाची आहे. मागील वर्षाच्या हिशेबाला पे-रु-सि-नु-वो असे विशेषण लागते. त्याच्या मुळाशी असलेले अव्यय पाणिनीने नोंदलेल्या ‘परुत्’चे सख्खे भावंड होय.

वाचनानंतर हाती काय आले? काव्य नाही, इतिहासवृत्त नाही, पत्रही नाही. मेंढ्या, लोकर, तेल, चाके, ब्राँझ, थकबाकी. पायलॉसच्या याद्यांत दळणाऱ्या स्त्रिया, कातणाऱ्या स्त्रिया, त्यांच्याजवळच्या मुली व मुलगे यांची संख्या लिहिलेली आहे. काही गट मिलेटस् येथील स्त्रियांचे आहेत, म्हणजे समुद्रापलीकडून आणलेले. इसवी सनापूर्वी ११८० च्या सुमारास पायलॉसचा वाडा जळाला आणि ज्या वर्षी जळाला त्या वर्षाचेच कागद, म्हणजे माती, उरली. निराशा झालेल्या साहित्यप्रेमींनी एवढे ध्यानात घ्यावे की ग्रीक भाषेचा ज्ञात इतिहास या रुक्ष याद्यांमुळे वर्णमालेतील पहिल्या ग्रीक लेखांच्या मागे पाच शतकांहून अधिक गेला. डायोनिसस हा ग्रीकांत फार उशिरा आलेला परका देव होय, हे मत दि-वो-नु-सो या एका शब्दाने कोसळले. आणि इव्हान्स यांनी रचलेला इतिहास उलटा करावा लागला, कारण क्नोसॉसच्या शेवटच्या वाड्याचा हिशेब ग्रीक भाषेत ठेवला जात होता. पुढे मायसिनी, थीब्ज, टिरिन्स, क्रीटमधील हानिया, आणि २००८ पासून लॅकोनियातील आयोस वासिलिओस येथेही पट्टिका सापडल्या. नवे साहित्य येत गेले आणि त्याच मूल्यांनी ते वाचले गेले. व्हेंट्रिस यांना यांतील फार थोडे पाहता आले. चॅडविक यांच्यासह लिहिलेला महाग्रंथ १९५६ साली छापून होत असतानाच, त्या वर्षाच्या सप्टेंबरात, मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. ते चौतीस वर्षांचे होते.

अ-रेखालिपीची स्थिती याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. तिची अनेक चिन्हे ब-लिपीतील चिन्हांसारखी असल्याने ती ब-लिपीच्या मूल्यांनी मोठ्याने वाचता येते. पा-इ-तो हे गाव तिच्यातही भेटते. बेरजेच्या ठिकाणी कु-रो हा शब्द येतो, आणि वरील आकडे मिळवून पाहिले असता काही पट्टिकांत बेरीज बरोबर निघते. तेव्हा त्याचा अर्थ ‘एकूण’ हे निश्चित. परंतु ‘एकूण’साठी असा शब्द असलेली भाषा कोणती, हे ठरलेले नाही. सेमिटिक, ल्यूव्हिअन आणि इतरही अनेक भाषांचे दावे झाले आहेत. फैस्टॉस येथे १९०८ साली पेर्निएर यांना सापडलेल्या मृत्चक्राची तर गोष्टच निराळी : त्यावर ४५ भिन्न चिन्हे आहेत, एकूण छाप अडीचशेच्याही आत, आणि त्याच्या जोडीचा दुसरा लेख नाही. इतक्या साहित्यावर कोबर यांच्या पद्धतीचा कोठा उभाच राहत नाही. आणि एखाद्याने तो उभा केला, तरी त्याची परीक्षा घेण्यासाठी ब्लेगन यांच्या पट्टिकेसारखे न पाहिलेले साहित्य कोठून आणावयाचे?